पाठमोरी चढणारी गाडी

गाडीचं तोंड कुठलं, हे मला सबंध धंद्यात कुणी विचारलं नव्हतं. गॅरेजला कायमचं कुलूप लावून मी रत्नागिरीत मांडवीच्या घरी दुपारची झोप काढायला लागलो, तेव्हा कुठे हा प्रश्न समोर आला. आणि खरं सांगतो, उत्तर देताना मी अडखळलो.

मी फोर व्हील गाड्यांचा मेस्त्री. म्हणजे गाडीला चार चाकं असतातच, पण साध्या गाडीत जोर दोनच चाकांना जातो, उरलेली दोन नुसती सोबत करतात. फोर व्हीलमध्ये गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो आत टाकला की पुढच्या चाकांनाही कामाला लागावं लागतं. एवढंच ते शास्त्र. पण या छोट्या दांड्याने माणसांच्या डोक्यात जी हवा भरते, ती काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

एक नवरदेव नव्या बायकोला सूर्यास्त दाखवायला जीप थेट पुळणीवर, समुद्राच्या वाळूत घेऊन गेला. "फोर व्हील आहे, घाबरू नको," असं तिला सांगत अगदी पाण्यापर्यंत. सूर्य गेला, भरती आली, गाडी बसली. मी पोचलो तेव्हा नवरी शालू खोचून मागून ढकलत होती आणि नवरदेव आत बसून एक्सलेटर दाबत चाकं आणखी खाली घालवत होता. मी त्याला म्हटलं, "अहो, साधी गाडी इथवर आलीच नसती. फोर व्हीलचा फायदा एवढाच, की माणूस जास्त लांब जाऊन अडकतो." तो संसार पुढे उत्तम झाला. गाडी मात्र त्या दिवसापासून बाईच चालवतात.

दुसरा एक चिरेखाणवाला होता. तो छोटा दांडा कायम आतच ठेवायचा. "दिलाय कंपनीनं, तर वापरू नये काय?" हे त्याचं म्हणणं. वळताना चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढच्या चाकांना लांबून जावं लागतं. चिखलात, वाळूत ती थोडी घसरून हिशेब मिटवतात. पण आपला कातळ म्हणजे कानस. त्यावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ चाकं फिरवणाऱ्या आतल्या दांड्यांना बसतो आणि गाडी आखडते. असं आखडून आखडून त्याने जेवढे गिअर मोडले, तेवढे मी दुसऱ्या कुणाकडे पाहिले नाहीत. माणूस मात्र दिलदार. दर वेळी मोडका गिअर हातात घेऊन म्हणायचा, "मेस्त्री, माल हलका हाय."

पण मला सांगायचं आहे ते या दोघांचं नाही. सांगायचं आहे ते कुंदावहिनींच्या गाडीचं.

कुंदावहिनी म्हणजे आमच्या आप्पांची धाकटी सून. आप्पा माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खाडीपलीकडे वरचीवाडी आहे, तिच्याही वर सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या, काठाला त्यांची हापूसची बाग. अलोऱ्याला धरणाच्या प्रकल्पावरच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा आप्पांनी तिथून एक फोर व्हील ट्रक आणला. छोटाच, मागे लाकडी हौदा, पुढे बेडकासारखे दोन दिवे. त्या ट्रकनं आप्पांनी सगळी बाग उभी केली. मातीही त्यातूनच वर गेली आणि पहिली फळंही त्यातूनच खाली आली. पुढे आप्पा थकले, ट्रक खाली रस्त्याकडेच्या फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. "मेस्त्री, एकदा हिला चालती करा," असं ते मला दर भेटीत सांगायचे आणि मी दर भेटीत "या पावसाळ्यानंतर" म्हणायचो. आप्पा गेले. गाडी चालती बघायची त्यांची राहिली. या गोष्टीचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं.

तर एक दिवस वहिनी स्कूटरवरून दारात. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "मेस्त्री, आप्पांची गाडी चालू करून द्या. आंबा काढणीला यायच्या आत."

"वहिनी, मी गॅरेज बंद केलं."

"गॅरेज बंद केलंत. हात कुठं बंद केलेत?"

या बोलण्यावर स्वयंपाकघरातून आमच्या शैलाचं हसणं ऐकू आलं. माझा तिथेच निकाल लागला.

भानगड अशी होती. वहिनींचे यजमान जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. बाग बघतात त्या वहिनी. फवारणी, राखण, काढणी सगळं त्यांच्या अंगावर. पण बागेपासून रस्त्यापर्यंत आंबा डोक्यावरून उतरवायचा, आणि डोक्यावर पेटी घेणारी माणसं आता वाडीत उरली नाहीत. जी होती ती मुंबईला गेली. मागच्या हंगामात भारेकरी वेळेवर मिळाले नाहीत, वळवाच्या पावसाने गाठलं आणि निम्मा आंबा वरच नासला. तेव्हा मुंबईहून थोरल्या दिरांचा फोन आला. बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन टाकू, तू एकटी किती मरशील? दीर वाईट नव्हेत, काळजीपोटीच बोलत होते. पण कराराची बाग म्हणजे काय ते वहिनींना ठाऊक होतं. व्यापारी झाडाला औषधं पाजून फळ ओरबाडतो आणि करार संपला की दुसरी बाग बघतो.

"मी म्हटलं, एक हंगाम द्या मला," वहिनी सांगत होत्या. "ते म्हणाले, बरं. काढणीच्या वेळी येतो, व्यापाऱ्यालाही आणतो. आंबा धड खाली आला तर बाग तुझी. नाहीतर त्याच दिवशी सही."

म्हणजे गाडी नव्हे, बाग दुरुस्तीला आली होती.

ट्रक दुसऱ्या ट्रकवर चढून आमच्या अंगणात आला, तेव्हा त्याच्या हौद्यात फणसाची दोन रोपं उगवलेली होती. शैलाने ती आधी काढून परसात लावली. मग मी कामाला लागलो. इंजिनाची फार काळजी नव्हती. जुनी इंजिनं तालमीतल्या म्हाताऱ्यांसारखी असतात, एकदा उठवली की उठतात. काळजी होती चेसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची. आमच्याकडे गाडी चालवून खराब होत नाही, उभी राहून होते. समुद्राचा वारा लोखंड आतून खातो आणि वरून रंग तसाच ठेवतो. मी हातोडीने ठोकत गेलो. जिथे टणटण वाजलं ते ठेवलं, जिथे भदभद वाजलं ते कापून नवं जोडलं. स्प्रिंगचे पाटे कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आले, ब्रेकची ड्रमं कातून आणली, स्टिअरिंगची पेटी उघडली तर आत उंदराचं बाळंतपण झालेलं. काही सुटे भाग मिळेचनात, ते घरीच कानशीने घासून बसवले. पाठ बोंबलत होती, पण मी मजेत होतो. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. इथे शैला चहा घेऊन उभी असायची आणि विचारायची, "आज कुठला अवयव?"

गंज परत चढू नये म्हणून मी एक अक्कल चालवली. बुरोंडीला माझा एक दोस्त होडीवाला आहे. होडीच्या लाकडाला ते मुशीच्या माशाचं तेल लावतात, खारं पाणी मग आत शिरत नाही. जे होडीला चालतं ते चेसिसला का चालू नये? मी डबाभर तेल आणून गाडी खालून न्हाऊ घातली. लोखंड काय चमकलं! संध्याकाळपर्यंत सबंध मांडवीतली मांजरं आमच्या अंगणात. गाडीखाली मांजर, टपावर मांजर, सीटवर दोन. शेजारच्या जोशीकाकूंनी तीन दिवस खिडकी उघडली नाही.

वहिनी बघायला आल्या त्या फाटकातच थांबल्या. "मेस्त्री, या गाडीतून माझा हापूस जायचाय. आंबा वास धरतो, माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. कोकणात जन्मलेल्या कुणालाही माहीत असतं. पण खालून गाडी बघणाऱ्या माणसाला वरून काय जाणार आहे ते आठवत नाही. मग सोडा, रिठे आणि शैलाच्या शिव्या यांनी ते सगळं तेल धुऊन काढलं आणि साधं काळं पेंट मारलं. मांजरं त्यानंतरही आठवडाभर आशेने येत राहिली.

गाडी पहिल्यांदा वरचीवाडीला नेली तो दिवस मी विसरणार नाही. वाट आप्पांनीच फोडलेली. खाली लाल माती आणि सुटे गोटे, वर कातळ, बागेच्या तोंडाशी एक आवळ वळण. छोटा दांडा आत टाकला आणि गाडी अशी चढली, की वाडीतल्या बायका विहिरीवरून बघत राहिल्या. कातळावर वळणाच्या आधी दांडा बाहेर काढायचा हे मी चिरेखाणवाल्याला आयुष्यभर शिकवलं होतं. कौतुकाच्या भरात मीच विसरलो. गाडी आखडली. दांडा हलेना. मग दोन हात मागे घेतली, पीळ सुटला, दांडा लोण्यासारखा बाहेर आला. वहिनी शेजारी बसून सगळं नीट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे बरं झालं. मला कळलं काय करायचं ते."

वर पोचलो आणि मी कपाळाला हात लावला. आप्पा जिथे गाडी वळवायचे, तिथे मधल्या काळात फवारणीच्या पाण्याची पक्की टाकी बांधलेली. दोन बाजूंना चिऱ्यांचा गडगा, तिसऱ्या बाजूला आप्पांच्या हातची कलमं. गाडी वळवायला जागा नाही. एखादं कलम तोडलं तर होईल, असं मी म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते वाक्य मागे घेतलं.

खाली येताना गाडी रिव्हर्समध्येच उतरवावी लागली. वहिनी वाटेवर उभ्या राहून हात दाखवत होत्या, मी मान मोडून मागे बघत होतो आणि मनात एकच विचार. रिकामी गाडी अशी उतरते आहे, पण पेट्यांनी भरलेली अशी उतरवणं म्हणजे आंबा, गाडी आणि माणूस तिन्ही खालच्या ओढ्यात.

उपाय मला शेवटच्या उतारावर सुचला, आणि तो इतका सोपा होता की माझं मलाच हसू आलं. चढतानाच उलटं चढायचं! रिकामी गाडी पाठमोरी वर न्यायची, भरायची आणि नीट समोर बघत खाली आणायची. जुन्या ट्रकात रिव्हर्स गिअर सगळ्यात ताकदीचा असतो. फक्त उलटं चढताना वजन पुढच्या चाकांवर येतं, तेव्हा जोर त्यांनाही द्यायला हवा, आणि त्यासाठीच तर आपला छोटा दांडा. पुढचे काही दिवस वहिनी सड्यावरच्या मोकळ्या कातळावर पाठमोरी गाडी चालवायला शिकल्या. बाई जिद्दीची. पहिल्या दिवशी एक गडगा पाडला, दुसऱ्या दिवशी स्वतःच रचला, तिसऱ्या दिवसानंतर काही पाडलं नाही.

आता सगळं जमलं, असं वाटत असतानाच तात्या गावकर काठी टेकत आले.

तात्या वाडीतले मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीनं मागणं मागायचा मान त्यांच्या घराकडे. बागेच्या तोंडाशी, त्या आवळ वळणावर जागेवाल्याचा दगड आहे. जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा राखणदार. वर जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबतो, पान नाहीतर फूल ठेवतो आणि मग पुढे जातो.

"मेस्त्री," तात्या म्हणाले, "गाडी पाठमोरी चडवताय म्हनं?"

"होय तात्या. वर वळायला जागा नाही."

"ता ठीक. पन जागेवाल्याच्या दारात पाठ करून यायचं? परत जाताना पाठ झाली तर तो काय बोलत नाय, निरोप घेतलेला असतो. पन येतानाच पाठ? असं कोन पावन्याच्या घरात शिरतो काय?"

माझा पारा चढला. मी गाडीचे पाटे, ब्रेक, उताराचा कोन सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं खरं. पन वाडीतला एक मानूस पेटी भरायला वर येनार नाय. मी सांगतंव म्हनून नाय, त्यांचं मनच व्हनार नाय."

ते धमकी देत नव्हते. आहे ते सांगत होते. आणि पेट्या भरायला वाडीचीच माणसं हवी होती. थोरले दीर दोन दिवसांवर आलेले. मी गाडीच्या पायरीवर बसलो. एवढी गंजकी चेसिस सरळ केली, उंदीर काढले, मांजरं हाकलली, आणि शेवटी गाडी अडली ती एका दगडापाशी. मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा तात्यांनी तो प्रश्न विचारला. "मेस्त्री, मला एक सांगा. गाडीचं तोंड कुटलं?"

"म्हणजे काय तात्या? पुढचं."

"पुडचं म्हंजे कुटलं? तुमी तर मागं पन पुडं चालवता."

मी विचारात पडलो. इंजिन असतं ते तोंड म्हणावं, तर मागे इंजिन असलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्या होत्या. म्हटलं, "दिवे असतात ते तोंड."

"व्हय," तात्या म्हणाले. "डोळं जिकडं, तोंड तिकडं."

कुंदावहिनी गाडीपाशीच होत्या. त्या पुढे आल्या. "मग तात्यानू, मागेपण डोळे बसवले तर?"

तात्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हौद्याचा मागचा फाळका नीट न्याहाळला. "चालंल," म्हणाले. "पन डोळं बगनारं पायजेत. नुसतं रंगवलेलं नकोत."

मी तसाच रत्नागिरीला आलो. माळ्यावर जुन्या बसचे दोन मोठे दिवे पडून होते. ते फाळक्याच्या दोन अंगांना बसवले, वायरी ओढल्या, ते खरोखर लागतील असं केलं. मध्ये बसचाच मोठा आरसाही लावला. शैलाने दोन दिव्यांच्या मधोमध कुंकू लावलं आणि मागे सरून म्हणाली, "अगं बाई, आता ही खरंच बघते आहे." गंमत बाजूला ठेवून सांगतो, दाट कलमांच्या सावलीत उलटं चढताना ते दिवे इतके उपयोगी पडले, की हे मला आधी का सुचलं नाही, असं वाटलं. अर्थात तात्यांना मी हे बोललो नाही.

काढणीच्या दिवशी सकाळी पायथ्याशी सगळी वाडी जमली. थोरले दीर मुंबईहून आले होते, चकचकीत बूट, हातात फोन. फोनवर व्हिडिओ कॉल लावून जहाजावरचे धाकटे भाऊही हजर. व्यापारी आपल्या गाडीत काचा वर करून बसला होता. फाळक्याला झेंडूचा हार, आंब्याचे टाळ. तात्यांनी नारळ हातात घेतला.

"बा जागेवाल्या महाराजा!"

"व्हय महाराजा!" वाडी एका आवाजात.

"आज ह्या सुनेनं आपल्या सासऱ्याची गाडी उबी केलीन हाय…"

"व्हय महाराजा!"

"ती तुज्या दारात तोंड करूनच येतेय. तिच्या चारी चाकांना बळ दे. बिरेकाला, कलचाला कुनाची नजर लागली असंल, तर ती भायेरच्या भायेर परतव…"

"व्हय महाराजा!"

"आनि मेस्त्रीनं कुटला नट ढिला ठेवला असंल, तर त्याला आत्ताच आटवन दे!"

"व्हय महाराजा!" या वेळी आवाज जरा जास्तच मोठा. मी पान्हा घेऊन गाडीखाली शिरलो आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासले. देवाची आज्ञा, करणार काय?

थोरल्या दिरांना वर चालवेना, म्हणून ते हौद्यात उभे राहिले. पाठमोऱ्या गाडीत हौदा पुढे येतो, त्यामुळे ते फाळका धरून सगळ्यांच्या पुढे, हाराच्या वर. खाली वाडी हसत होती. वहिनींनी रिव्हर्स टाकला, छोटा दांडा आत घेतला, मान वळवली आणि गाडी निघाली. माती, गोटे, मग कातळ. वळणाआधी त्यांनी दांडा बाहेर काढला. मी मागून चालत होतो.

जागेवाल्यापाशी गाडी थांबवायची होती. मेस्त्री माणसाला चढावर थांबणं म्हणजे नको ते. पण वहिनींनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. दीर उडी मारून खाली उतरले. देवाला फूल ठेवतील असं मला वाटलं. पण त्यांनी बूट काढले, वाटेकडेचा एक चांगला मोठा चिऱ्याचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि गाडीकडे धावत सुटले. मग मध्येच थबकले. दगड छातीशी धरून इकडे बघतात, तिकडे बघतात.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"मागचं चाक," ते म्हणाले. "आप्पा इथे थांबायचे तेव्हा मागच्या चाकाला दगड लावायचं काम माझं होतं. आता मागचं चाक कुठलं?"

तात्या मागून धापा टाकत येत होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "ह्या गाडीला मागलं काय नाय ऱ्हायलं बाबा. दोनी बाजूनं तोंडच हाय. उतार जिकडं, तिकडं लाव."

सगळे हसले. स्टिअरिंगवर वहिनी हसल्या, फोनमधून समुद्रातले भाऊ हसले. दीरही हसले, पण हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. उताराच्या बाजूला चाकाखाली दगड सारून ते तसेच वाकून राहिले, एक हात टायरवर ठेवून. मी दुसरीकडे बघितलं.

त्या दिवशी गाडी किती वेळा वरखाली झाली कुणी मोजलं नाही. प्रत्येक खेपेला दीर वळणावर दगड लावायला हजर. बूट कुठे राहिले त्याचं भान नव्हतं, कपडे लाल मातीने माखलेले. एक आंबा दुखावला नाही. शेवटची पेटी खाली उतरली तेव्हा व्यापारी काच खाली करून म्हणाला, "मग साहेब, आपलं कसं करायचं?"

दिरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तो चिऱ्याचा दगड पोटाशी धरून वाट उतरत होते. गाडीपाशी आले, तो हौद्याच्या कोपऱ्यात नीट ठेवला आणि हात झटकत वहिनींना म्हणाले, "हा गाडीतच असू दे. पुढच्या वर्षी परत शोधत बसायला नको."